विश्लेषण : मेंदूच्या दुखापतीवर कमी प्राणवायूचा उपचार?

डोक्याला मार लागलेल्या रुग्णाचा प्राणवायू कमी होऊ द्यायचा नाही, हा अपघात विभागातला पहिला धडा. आता तोच प्राणवायू काही क्षण मुद्दाम कमी केला, तर जुन्या दुखापतीतून सावरणाऱ्या मेंदूला मदत होते का, हे अमेरिकेतील संशोधक तपासत आहेत. कल्पना उफराटी वाटते, पण तिच्यामागे शास्त्र आहे. म्हणूनच ती कशी तपासली जाते, हे महत्त्वाचे ठरते.

उपचार नेमका काय?

त्याचे नाव ‘अक्यूट इंटरमिटंट हायपॉक्सिया’. नेहमीच्या हवेत २१ टक्के प्राणवायू असतो. रुग्णाला मास्कमधून सुमारे ९ ते १० टक्के प्राणवायूची हवा मिनिट-दीड मिनिट दिली जाते, मग मिनिटभर नेहमीची हवा. एव्हरेस्टच्या बेस कॅम्पवरही याहून जास्त प्राणवायू मिळतो. अशी साधारण १५ आवर्तने, म्हणजे अर्धा-पाऊण तास. या वेळात रक्तातील प्राणवायू, नाडी आणि रक्तदाब यांवर सतत लक्ष ठेवले जाते.

याने फायदा कसा होईल?

प्राणवायू थोडा वेळ कमी झाला, की शरीर सावध होते आणि मज्जारज्जूत सेरोटोनिन स्रवते. त्यातून ‘बीडीएनएफ’ हे प्रथिन तयार होते. चेतापेशींमधील जोडण्या बळकट करण्याचे काम ते करते. गॉर्डन मिचेल आणि सहकाऱ्यांनी श्वसनाच्या चेतापेशींवर केलेल्या प्राण्यांवरील प्रयोगांतून ही साखळी उलगडली. पुढे ती माणसांवर तपासली गेली. मज्जारज्जूला अंशतः इजा झालेल्या १९ जणांवरील अभ्यास २०१४ मध्ये ‘न्यूरॉलॉजी’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. सलग पाच दिवसांच्या उपचारानंतर चालण्याचा वेग वाढला. चालण्याचा सराव जोडला, तेव्हा दमही वाढला. म्हणजे ही हवा स्वतः औषध नाही. ती चेतासंस्थेला शिकायला तयार करते, शिकवावे लागते सरावानेच.

मग धोका कुठे?

मज्जारज्जू आणि मेंदू यांत फरक आहे. वजनाने शरीराच्या दोन टक्के असलेला मेंदू सुमारे २० टक्के प्राणवायू वापरतो. प्राणवायू घटला, की मेंदूच्या रक्तवाहिन्या रुंदावतात. सुजलेल्या मेंदूत त्यामुळे कवटीतील दाब आणखी वाढू शकतो. गंभीर दुखापतीच्या ७१७ रुग्णांची नोंद तपासणाऱ्या १९९३ च्या अमेरिकी अभ्यासात प्राणवायूची कमतरता आणि कमी रक्तदाब यांचा मृत्यूशी थेट संबंध दिसला. त्यामुळे ताज्या दुखापतीत हा प्रयोग नकोच. महिने उलटून प्रकृती स्थिर झालेल्यांचाच विचार होऊ शकतो. त्यांच्यातही फिट येणारे, हृदयविकार असलेले रुग्ण वेगळे काढावे लागतील.

मात्रेचा प्रश्नही आहेच. झोपेत श्वास अडकण्याच्या विकारात प्राणवायू रात्रभर, तासाला अनेकदा घटतो. महिनोन् महिने हे चालले, तर रक्तदाब वाढतो, स्मरणशक्तीवर परिणाम होतो. थोडे दिले तर उपचार आणि जास्त झाले तर आजार, अशी ही गोष्ट आहे. म्हणून प्राणवायू एकदम न घटवता पायरी-पायरीने कमी करत जाणे, हाच सुरक्षित मार्ग.

घाई का नको?

मेंदूच्या दुखापतीत स्टेरॉइड सूज कमी करून जीव वाचवतात, असे डॉक्टर अनेक वर्षे मानत होते. ‘क्रॅश’ या आंतरराष्ट्रीय चाचणीत १०,००८ रुग्णांवर ते तपासले गेले. २००४ मध्ये निष्कर्ष आला : दोन आठवड्यांत मृत्यूचे प्रमाण स्टेरॉइड घेणाऱ्यांत २१.१ टक्के, तर न घेणाऱ्यांत १७.९ टक्के. प्रोजेस्टेरॉनबाबतही प्राण्यांवरील प्रयोग आशादायक होते. २०१४ मध्ये दोन मोठ्या चाचण्यांत त्याचा उपयोग दिसला नाही.

चाचणी कशी असावी?

एका गटाला कमी प्राणवायूची, दुसऱ्याला त्याच मास्कमधून साधी हवा द्यावी आणि कोणाला काय मिळाले, हे रुग्णालाही कळू नये. यशाचे माप रक्तातले प्रथिन नसावे. हात हलतो का, लक्ष टिकते का, माणूस कामावर परततो का, हे पाहावे. शिवाय दुखापतीने ज्याची निर्णयक्षमताच मंदावली, त्याची संमती कशी घ्यायची, याचे उत्तर चाचणीआधी हवे. नातेवाईकांची आशा म्हणजे रुग्णाची संमती नव्हे.

भारतासाठी हा विषय दूरचा नाही. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ जणांचा जीव गेला. वाचलेल्यांपैकी ज्यांच्या डोक्याला मार बसला, त्यांची घरे पुढे वर्षानुवर्षे उपचार शोधत फिरतात. अशा घरांना अर्धवट सिद्ध झालेली आशा विकणे सोपे असते. म्हणून दोन गोष्टी स्पष्ट हव्यात. श्वास रोखून किंवा बाजारातले मास्क लावून हा प्रयोग घरी करू नये. आणि पुरावा येईपर्यंत कोणी पैसे घेऊन हा ‘उपचार’ देत असेल, तर त्याला उपचार म्हणू नये. फिजिओथेरपी, वाचा-उपचार आणि नियमित सराव यांची आपल्याकडे वानवा आहे. उद्या हा उपचार यशस्वी ठरला तरी त्याला जोड लागेल ती सरावाचीच. ती सोय उभारायला मात्र कुठल्याही चाचणीच्या निकालाची वाट पाहण्याची गरज नाही.