वसईच्या बुरुजांखालची जमीन

मे महिना आला की वसईच्या किल्ल्यात चिमाजी अप्पांच्या विजयाचे स्मरण होते, आणि ते व्हावे हे योग्यच आहे. दोन वर्षांची खडतर मोहीम, चिखलातला तो वेढा, उशिरा उडालेल्या आपल्याच सुरुंगांखाली गाडले गेलेले साधे शिपाई, यांचे मोल कोणी नाकारू नये. परंतु १५३४ पासून २०५ वर्षे टिकलेली सत्ता अवघ्या दोन वर्षांत कशी कोसळली, हा प्रश्न त्या दिवशी कोणी विचारत नाही. तलवारीचे तेज हे एक ठरलेले उत्तर, धर्मच्छळाची शिक्षा हे दुसरे. दोहोंतही सत्याचा अंश आहे. मात्र वालीव, सातिवली, गोखिवऱ्याच्या पट्ट्यात कष्टकऱ्यांत वावरणाऱ्या कार्यकर्त्याचे एवढ्याने समाधान होऊ नये.

साम्राज्यांच्या उदयास्ताचा धडा घ्यायला पाठ्यपुस्तके रोमकडे बोट दाखवतात. वसईकराला रोम तसा परका नाही. वालीवच्या शेजारचे सोपारे इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथात बंदर म्हणून नोंदलेले आहे. भारत साम्राज्याचे वर्षाला पाच कोटी सेस्टर्स ओढून नेतो, अशी तक्रार प्लिनीने त्याच शतकात केली. हा पैसा उडवणारे कोण होते? युद्धकैद्यांच्या गुलामीवर पोसलेल्या अफाट जमीनदाऱ्यांचे धनी. त्या जमिनीला हात घालू पाहणाऱ्या टायबेरियस ग्राकसला इ. स. पूर्व १३३ मध्ये मारण्यात आले. बारा वर्षांनी त्याचा भाऊ गायस त्याच वाटेने गेला. पुढे चलनातली चांदी घटत गेली, महागाई भडकली. इ. स. ३०१ मध्ये डायोक्लेशनने देहदंडाच्या धाकाने भाव बांधून दिले, तर माल बाजारातूनच नाहीसा झाला. (साठेबाजाची ही हातचलाखी आपल्या काळातली नव्हे, हेही यातून कळते.) ३३२ मध्ये कॉन्स्टंटाईनने पळून जाऊ पाहणाऱ्या कुळाला बेड्या घालण्याची मुभा दिली. अशा कुळाने ४७६ मध्ये पश्चिमेचा शेवटचा सम्राट पदच्युत होत असताना कोणासाठी शस्त्र धरावे?

आता वसईकडे वळू. हुमायूनच्या दडपणाखाली आलेल्या गुजरातच्या बहादूरशहाने २३ डिसेंबर १५३४ च्या तहाने वसई व तिच्याभोवतीचा मुलूख, मुंबई बेटासह, पोर्तुगीजांना दिला. लवकरच गावेच्या गावे सरदारांना आणि धर्मसंघांना ठरावीक खंडावर, बहुधा तीन पिढ्यांच्या कराराने, वाटली गेली. घोडा व शस्त्र बाळगून मुलखाचे रक्षण करावे, ही त्यामागची अट होती. गाव एकाकडून दुसऱ्याकडे जाई तेव्हा कूळही गावाबरोबर जाई. ख्रिस्ती झालेल्या कुळाला थोड्याफार सवलती मिळाल्या असतील, पण बाप्तिस्म्याने त्याच्या मानेवरचे जू उतरले नाही. आज वसईच्या ख्रिस्ती शेतकऱ्याला 'पोर्तुगीजांचे अवशेष' म्हणून हिणवणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. तो राज्य करीत नव्हता. तो राबत होता.

सरदार मात्र तटाच्या आत दुमजली वाड्यांत रमले आणि घोडा-शस्त्राची अट हळूहळू कागदावर उरली. बाहेर जगाचा तोल बदलत होता. १५८० ते १६४० पोर्तुगालची गादी स्पेनच्या राजाकडे होती. डचांनी मलाक्का १६४१ मध्ये, कोलंबो १६५६ मध्ये आणि कोची १६६३ मध्ये घेतले. मुंबई बेट तर १६६१ च्या विवाहकराराने आंदण म्हणून इंग्रजांना देऊन टाकले गेले. ज्या राज्यात बेट लग्नात दिले जाते तेथे बेटावरच्या माणसांना कोण विचारणार? १६९८ मध्ये ओमानच्या अरबांनी मोंबासा घेतले. मार्च १७३७ मध्ये मराठे ठाण्यात शिरले तेव्हा तेथील नव्या किल्ल्याचे बांधकामही पुरे झालेले नव्हते. अंजूरच्या गंगाजी नाईकांसारखी स्थानिक माणसे वाटाड्या आणि मसलतगार म्हणून मराठ्यांच्या बाजूने उभी होती. इन्क्विझिशनच्या जाचाने पोळलेल्या या रयतेपाशी गेलेल्या राज्याकरता रडण्याचे काहीच कारण नव्हते.

मे १७३९ मध्ये वसई पडली. पराभूतांना सन्मानाने जाऊ दिले गेले आणि मागे राहणाऱ्या ख्रिस्त्यांना धर्माचरणाची मोकळीक तहात मान्य झाली. चर्चच्या घंटा नाशिकला नारोशंकरी आणि भीमाशंकरी गेल्या, ही कथा लहान मुलांनाही ठाऊक असते. तहातले कलम मात्र मोठ्यांनाही ठाऊक नसते, आणि ते सोयीचे नसल्यामुळे सांगितलेही जात नाही.

विजयानंतर जमीन कसणाऱ्याची झाली का? झाली नाही. पोर्तुगीजांची वतने सरकारजमा झाली; सारा भरणारा तोच राहिला. पुढे त्याच वसईत, ६३ वर्षांनी, ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने तैनाती फौजेच्या तहावर शिक्का उठवला. सहा हजार इंग्रजी पायदळासाठी सव्वीस लाखांचा मुलूख तोडून दिला. मामलती मक्त्याने विकून रयत पिळणाऱ्या पेशवाईचे आयुष्य मग १६ वर्षांचेच उरले. कुळांचे जू हलले ते फार उशिरा. १९४५ मध्ये तलासरी-उंबरगावच्या वारल्यांनी गोदावरी परुळेकरांच्या नेतृत्वाखाली वेठबिगार आणि लग्नगड्याची गुलामी झुगारली, आणि १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनाने कायद्याने का होईना, जमीन कसणाऱ्याची ठरली.

त्या जमिनीचे पुढे काय झाले, ते वालीवच्या रस्त्याने चालणारास दिसतेच. शेतांच्या जागी गाळे उभे राहिले. त्यांत परप्रांतीय कामगार कंत्राटदाराच्या हजेरीपटावर राबतात आणि पुष्कळदा त्या पटावरही नसतात. १९८० च्या दशकाच्या अखेरीस फादर फ्रान्सिस दिब्रिटो प्रभृतींनी हरित वसईची चळवळ केली, २००९ मध्ये महापालिका आली तेव्हा गावे तिच्या विरोधात उठली. या लढ्यांत हिंदू आणि ख्रिस्ती शेतकरी एका बाजूस होते. जे त्यांना वेगळे काढू पाहतात त्यांचा डोळा बुरुजांवर नसून बुरुजांभोवतालच्या गुंठ्यांवर आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

म्हणून येत्या मे महिन्यात वालीवच्या कामगारांना घेऊन कार्यकर्त्यांनी किल्ल्यात अवश्य जावे. अप्पांना हार घालावा, आणि त्याच ठिकाणी तहाचे धर्मस्वातंत्र्याचे कलम मोठ्याने वाचून दाखवावे. अंजूरपासून तलासरीपर्यंतच्या रयतेची हकीकतही हिंदीत सांगावी, कारण आता ऐकणारे बहुसंख्य तिकडचे आहेत.