पाळणाघराचा हिशेब



गेल्या आठवड्यात वस्तीतली एक सूनबाई वही घेऊन घरी आली. म्हणाली, "ताई, तुम्ही हिशेबाच्या माणूस. एवढं मांडून द्या. नोकरी ठेवू की सोडू?"

पगार 9000. पाळणाघरवाल्या मावशींचे 3000. जाण्यायेण्याचे 1200. उशीर झाला की मावशींचे वरचे वेगळे. हाती कसेबसे साडेचार हजार! सासूबाईंचे म्हणणे, एवढ्यासाठी लेकराला दुसऱ्याच्या दारात कशाला ठेवायचे?

मी विचारले, "हे 3000 तुझ्याच पगारातून का वजा करतेस? मूल दोघांचं ना?" ती नुसती हसली. घरोघरी हा खर्च आईच्याच नावे पडतो, आणि म्हणूनच नोकरी सुटते ती आईची.

हेच 3000 जर 200 झाले तर? केंद्र सरकारच्या राष्ट्रीय पाळणाघर योजनेत 2017 साली असेच दर ठरले होते. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला महिना 20 रुपये, आईबापांचे मिळून उत्पन्न 12 हजारांपर्यंत असेल तर 100, त्यावर असेल तर 200. पुढे 2022 मध्ये ही योजना 'पाळणा' या नावाने मिशन शक्तीत आली. महिन्याचे 26 दिवस, रोज साडेसात तास पाळणाघर उघडे ठेवायचे असा नियम आहे. आता आमच्या सूनबाईची ड्युटी आठ तासांची, प्रवास दोन तासांचा. मधले अडीच तास मूल कुठे राहणार? पैसे वाचले तरी वेळ जुळली नाही तर आई कामावर जाऊ शकत नाही.

दुसरी बाजू मालकाची. कारखाने कायद्यात 1976 पासून तीसपेक्षा अधिक स्त्री कामगार असतील तरच पाळणाघराची सक्ती होती. म्हणजे तीसच बायका ठेवल्या की मालक मोकळा! प्रसूती लाभ कायद्याच्या 2017 च्या दुरुस्तीने स्त्री-पुरुष मिळून 50 कर्मचारी असा आकडा धरला. 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही तोच ठेवला. मोजणी सुधारली, पण खर्च मालकाच्याच माथी राहिला. खर्च त्याच्यावर असला की बाईला कामावर घेताना तो दहा वेळा विचार करतो.

1928 साली मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभाच्या विधेयकाला पाठिंबा देताना बाबासाहेबांनी हेच ओळखले होते. आईला विसावा मिळणे राष्ट्राच्या हिताचे आहे, तेव्हा त्याचा भार मुख्यतः सरकारने उचलावा, असे त्यांनी तिथे मांडले. 1929 च्या कायद्यात मात्र तो मालकावरच आला.

सूनबाईने अजून राजीनामा दिलेला नाही. आपल्या भागातल्या अंगणवाडीला 'पाळणा' मंजूर व्हावा म्हणून सोमवारी आम्ही पाचजणी बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांकडे अर्ज घेऊन जाणार आहोत. अर्जात वेळ दहा तासांची मागितली आहे.