गणिताच्या सरांची माती
चाळिशीत नोकरी सोडून बागकामात उतरू पाहणारं कुणी भेटलं, की मला कोल्हापूरचे श्री. अ. दाभोळकर आठवतात. मूळचे गणिताचे प्राध्यापक. पण त्यांनी पानावर पडणाऱ्या उन्हाचा हिशेब मांडला आणि ‘प्रयोग परिवार’ या आपल्या चळवळीतून तो द्राक्षबागायतदारांपर्यंत नेला. म्हणून कळकळीने सांगते, जुनी विद्या टाकून येऊ नका, बागेला ती हवी असते. सुरुवात गच्चीवरच करा, आधी माती तयार करून. 10 लिटर पाणी, किलोभर ताजं शेण, लिटरभर गोमूत्र, 50 ग्रॅम गूळ. तीन दिवस रोज ढवळायचं, मग दहापट पाणी घालून त्यात पालापाचोळा भिजवायचा आणि मूठभर मातीसह ढीग रचायचा. काही आठवड्यांनी ओंजळभर उचलून हुंगा. शेणाचा वास गेलेला असतो, पहिल्या पावसाचा येत असतो.