बाळंतिणीला सांगणार कोण?

सरकारी रुग्णालयाच्या प्रसूतिकक्षात डॉक्टरांचा राउंड संपत आला की सिझेरियन झालेल्या बाळंतिणीच्या खाटेपाशी एक प्रश्न हमखास विचारला जातो : ‘घरी केव्हा सोडणार?’ ‘बघू उद्या’ असे उत्तर मिळते. हा उद्या कशावर अवलंबून आहे, तापावर, टाक्यांवर की बाळाच्या दुधावर, हे तिला कोणी सांगत नाही. बाहेर व्हरांड्यात तिची सासू पथारी पसरून बसलेली असते आणि नवऱ्याची रोजची मजुरी बुडत असते.

ही कथा थोडक्या स्त्रियांची नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील शंभरांपैकी एकवीसहून अधिक प्रसूती सिझेरियनने होतात. खासगी रुग्णालयांत हे प्रमाण सुमारे ४७ टक्के, तर सरकारी रुग्णालयांत १४ टक्के आहे. यांतील अनावश्यक शस्त्रक्रिया टाळणे हा स्वतंत्र लढा आहे. परंतु जिच्या पोटावर टाके पडले आहेत, तिचा आजचा प्रश्न त्या लढ्याच्या निकालापर्यंत थांबू शकत नाही.

डेन्मार्कचे शल्यविशारद हेन्रिक केहलेट यांनी १९९० च्या दशकात आतड्यांच्या शस्त्रक्रियांबाबत दाखवून दिले की, रुग्णाला पुढे काय होणार हे आधी समजावून सांगितले, वेदना आटोक्यात ठेवल्या, लवकर खाऊ घातले आणि लवकर चालते केले, तर तो लवकर बरा होतो. हेच तत्त्व पुढे सिझेरियनलाही लागू झाले. या साऱ्यात महागडे यंत्र कोठेच नाही. जे आहे ते मुख्यतः वेळेवर बोललेल्या शब्दांचे सामर्थ्य आहे. लघवीची नळी काढल्यावर उठून बसायचे, चालल्याने टाके तुटत नाहीत, पाणी प्यायल्याने जखम चिघळत नाही, हे ज्या स्त्रीला आदल्या दिवशीच कळले आहे, ती भीतीने खाटेला खिळून राहत नाही. टाके गावाजवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातही काढता येतात हे सांगितले, तर केवळ त्यासाठी खाट अडवून ठेवण्याचे कारण उरत नाही.

मात्र हे सांगणे तिच्या भाषेत झाले पाहिजे. मेळघाटातील कोरकू बोलणाऱ्या मातेच्या हाती इंग्रजी डिस्चार्ज कार्ड देणे म्हणजे माहिती देणे नव्हे. ती केवळ कागदाची पूर्तता होय.

येथे एक धोका ओळखला पाहिजे. मुक्काम कमी करण्याची कल्पना काटकसरीला आसुसलेल्या प्रशासनाला फार लवकर पटते. ब्रिटनमध्ये प्रकृती उत्तम असलेल्या मातेला सिझेरियननंतर चोवीस तासांनी घरी जाण्याची मुभा देता येते, कारण तेथे तिच्यामागे सुईण घरापर्यंत जाते. आपल्याकडे आशा सेविकेच्या गृहभेटींचे वेळापत्रक सिझेरियनची माता पाच-सहा दिवसांनी घरी परतेल असे गृहीत धरते. तिची पहिली भेट सातव्या दिवशी. मग तिसऱ्या दिवशी घरी धाडलेल्या बाळंतिणीला चौथ्या दिवशी ताप भरला, जखमेतून पू आला किंवा पायाला सूज चढली, तर तिने कोणाचे दार ठोठावायचे? २०११ च्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाने सिझेरियननंतर सात दिवसांपर्यंत मोफत आहाराचा हक्क दिला आहे. सुधारणेच्या नावाखाली हा हक्क आखडला जाता कामा नये. घरी परतलेल्या गरीब बाळंतिणीपुढे विश्रांती नव्हे, चूल आणि हंडा वाढून ठेवलेला असतो, हे विसरून चालणार नाही.

म्हणून क्रम स्पष्ट हवा. आधी परिचारिकांची रिक्त पदे भरावीत आणि समजावून सांगण्याचे काम त्यांच्या कामाच्या वेळेत धरावे. आशा सेविकेची पहिली भेट माता घरी पोहोचताच व्हावी आणि तिला त्याचा रास्त मोबदला मिळावा. या मोबदल्यासाठी महाराष्ट्रातील आशांना २०२३ च्या ऑक्टोबरात आणि पुन्हा २०२४ च्या जानेवारीत संपावर जावे लागले होते. धोक्याची लक्षणे मातेला आणि घरच्यांना तोंडी समजली आहेत, याची खात्री करूनच डिस्चार्जच्या कागदावर सही व्हावी. त्यानंतर मुक्कामाचे दिवस आपोआप कमी होतील.

समजावून घरी पाठवलेली बाळंतीण मोकळी होते. न सांगता पाठवलेली वाऱ्यावर सोडली जाते. दोन्हींची नोंद रजिस्टरात मात्र सारखीच होते : ‘डिस्चार्ज’.