अंगठ्याची मराठी, वहीची मराठी

मराठी लिहिताना मुलाला पावलोपावली निवड करावी लागते : ऱ्हस्व की दीर्घ, न की ण, ल की ळ, अनुस्वार द्यायचा की नाही. मोबाइलवर रोमन अक्षरांत मराठी लिहिली की यांतल्या बहुतेक निवडी उरतच नाहीत. बी-ए-एल ही तीन अक्षरे बाल, बाळ, बळ, बल अशी कशीही वाचता येतात. के-ई-एल-ए या चार अक्षरांत ‘अभ्यास केला’ आणि ‘काम केलं’ यांतला लिंगभेदही बुडतो. वाचणारा संदर्भावरून समजून घेतो, म्हणून संवाद अडत नाही. लिहिणाऱ्याचा सराव मात्र तुटतो. ऑनलाइन संवादाने मुलांच्या शुद्धलेखनाचे नुकसान होते ते मुख्यतः येथे.

ही सवय मुलांच्या आळसातून आलेली नाही. सुरुवातीच्या अनेक हँडसेटवर देवनागरीची सोयच नव्हती. ती आली तेव्हाही एका एसएमएसमध्ये रोमनची १६० अक्षरे मावत आणि देवनागरीची केवळ ७०. म्हणजे तोच मजकूर मराठीत पाठवायचा तर खर्च वाढत असे. स्मार्टफोनने ही अडचण संपवली, पण मोठ्यांच्या बोटांना लागलेले वळण मुलांकडे आले. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या, ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ हा राज्याचा कार्यक्रम आला आणि व्हॉट्सॲपचा गट हाच अनेकांचा वर्ग झाला. ग्रामीण भारताच्या ‘असर २०२४’ अहवालानुसार १४ ते १६ वयोगटातील ८२ टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येतो. त्यांपैकी आदल्या आठवड्यात तो अभ्यासासाठी वापरणारी ५७ टक्के होती, तर समाजमाध्यमांसाठी वापरणारी ७६ टक्के.

मोबाइलने लेखन बिघडते ही भीती इंग्रजीबाबत बरीचशी फोल ठरली आहे. ब्रिटनमधील कॉव्हेन्ट्री विद्यापीठाच्या संशोधकांनी दहा-बारा वर्षांच्या मुलांचे संदेश तपासले, तेव्हा संक्षिप्त रूपे अधिक वापरणारी मुले वाचनात मागे नव्हती, उलट काहीशी पुढेच होती. शब्दाचे ध्वनी नीट कळल्याशिवाय त्याची मोडतोड करता येत नाही, हे त्यामागचे कारण. हा निष्कर्ष मराठीला जसाच्या तसा लागू होत नाही. इंग्रजी मूल स्वतःच्याच लिपीशी खेळते. मराठी मूल स्वतःची लिपी बाजूला ठेवून लिहिते.

वऱ्हाडी बोलल्या जाणाऱ्या बुलढाणा जिल्ह्यात या प्रश्नाला बोलीची बाजूही आहे. वऱ्हाडीत ‘पाणी’चे ‘पानी’ होते, ‘डोळा’चा ‘डोया’ होतो, ‘मला’ऐवजी ‘मले’ येते. बोलीत हे मुळीच चूक नाही. याच जिल्ह्यातील अमडापूरच्या सदानंद देशमुख यांच्या ‘बारोमास’ या कादंबरीला २००४चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, तिच्यात इथल्या बोलीचा वाटा मोठा आहे. मात्र ज्या घरांत वऱ्हाडीच बोलली जाते, तिथल्या शेगाव-नांदुऱ्याकडच्या मुलाच्या कानावर ण आणि ळ पुरेसे पडत नाहीत. ती अक्षरे त्याला भेटतात छापील पानावर आणि वहीत. प्रमाण उच्चार ऐकत वाढलेल्या मुलाला निदान कानाचा आधार असतो. इथे लेखन हाच आधार. रोमन मराठीत न-ण आणि ल-ळ एकच होतात, म्हणून तिचा फटका या मुलांना अधिक बसतो. वहीतल्या चुका तपासताना शिक्षकांनी हा फरक ओळखायला हवा. ‘पानी’ घरातून आलेले असते. ‘दिन’ आणि ‘दीन’ यांची गल्लत किंवा विरामचिन्हांवाचून धावणारे वाक्य यांत मोबाइलच्या सवयीचा वाटा असू शकतो. दोन्हींवर एकच लाल रेघ मारली, तर मुलाला आपली बोलीच अशुद्ध वाटू लागते.

देवनागरी कळफलक घेतला की प्रश्न सुटला, असेही नाही. रोमनमध्ये टंकून देवनागरी उमटवणारे कळफलक शब्दांचे पर्याय पुढे करतात आणि मूल पहिल्यावर बोट ठेवते. २०१७ पासून गूगलवर मराठीत बोलूनही लिहिता येते. तिथे तर अक्षर निवडण्याचे कामच उरत नाही. इनस्क्रिप्ट कळफलकावर प्रत्येक अक्षर आणि प्रत्येक मात्रा स्वतः दाबावी लागते, म्हणून शिकण्यासाठी तो अधिक उपयोगी.

मराठीचे लेखननियम फार नाहीत. मराठी साहित्य महामंडळाचे १४ नियम शासनाने १९६२ मध्ये स्वीकारले, १९७२ मध्ये चारांची भर पडून ते १८ झाले. ‘मूल’ दीर्घ पण ‘मुलाला’ ऱ्हस्व, ‘कवी’ दीर्घ पण ‘कविराज’ ऱ्हस्व, यामागे सूत्र आहे. ते समजले तर वहीत आणि पडद्यावर सारखेच उपयोगी पडते. परीक्षेतल्या थोड्या गुणांपुरते शब्द दुरुस्त करून घेतल्याने ते समजत नाही.

म्हणून बंदीपेक्षा सराव हवा. जिल्हा परिषदेच्या आणि खासगी शाळांनी पालकगटांवरील सूचना देवनागरीतच द्याव्यात. श्रुतलेखन पुन्हा नियमित व्हावे आणि संगणकावर इनस्क्रिप्ट शिकवावे. मित्राला पाठवलेला संदेश ग्रामपंचायतीच्या अर्जाच्या भाषेत लिहायला लावावा, वऱ्हाडी संवाद प्रमाण मराठीत आणि प्रमाण मराठी वऱ्हाडीत करून घ्यावे. कुठे काय लिहायचे हे ज्या मुलाला कळते, त्याच्या भाषेला मोबाइलची भीती नाही. ते कळण्याची सोय करणे ही शाळेची आणि घराची जबाबदारी आहे.