रंगाची हमी मागू नका

आफ्रिकेतल्या पडौकवर रंधा मारला की आतून केशरी-लाल रंग निघतो. दक्षिण अमेरिकेतलं पर्पलहार्ट तर नावासारखंच जांभळं. असं लाकूड महागामोलाचं आणून दार किंवा दिवाण करून घेतला, की काही काळाने ते तपकिरी पडतं आणि बोल मिस्त्रीला लागतो. माझं म्हणणं असं, की ही रंगाची हमी गिऱ्हाइकाने मागू नये आणि मिस्त्रीने देऊ नये. हा रंग गाभ्यात मुरलेल्या द्रव्यांचा असतो. उन्हातले अतिनील किरण ही द्रव्यं आणि लाकडातलं लिग्निन तोडतात, उरलेलं काम हवेतला ऑक्सिजन करतो. पळसाच्या फुलांचा रंग उन्हात किती टिकतो, हे आमच्या पांढुर्णा-सौंसर भागात कुणाला सांगायला नको. लाकडाच्या रंगाची जात तीच.

यावर दुकानदाराचं उत्तर तयार असतं: चांगलं पॉलिश मारा. जवसाच्या तेलाने लाकूड खुलतं खरं, पण तेल प्रकाश अडवत नाही आणि पुढे स्वतःच पिवळं पडतं. चपडीच्या पॉलिशचंही प्रकाश अडवण्यात फारसं बळ नाही. अतिनील किरण शोषणारं पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश यांहून उजवं, ते नाकारण्यात अर्थ नाही. मात्र शोषणारा घटकही झिजतो आणि दिसणाऱ्या उजेडातला निळा-जांभळा भाग पारदर्शक थरातून आत जातोच. खिडकीची साधी काचही सगळे अतिनील किरण अडवत नाही. संग्रहालयं नाजूक वस्तूंवर मंद दिवे लावतात ते याचसाठी. आमच्याकडच्या मे महिन्यात पडदे ओढलेले असतात हे मान्य, पण बाकीचं वर्ष? बंद राहणाऱ्या दागिन्यांच्या पेटीत आतून पडौक लावा, तिथे तो पुष्कळ टिकेल. उन्हातल्या दाराला नको.

मग दाराला काय? सातपुड्याचं सागवान. लाकूडबाजारात 'सीपी टीक' म्हणतात त्यातलं सीपी म्हणजे जुना मध्य प्रांत, म्हणजे आपलाच मुलूख. गंमत अशी, की हे लाकूड चिरल्याबरोबर हिरवट-पिवळं आणि पट्ट्यापट्ट्यांचं दिसतं, अजाण गिऱ्हाईक त्याला डागी माल समजतं. उजेड लागू लागला की पट्टे एकमेकांत मिसळतात आणि सोनेरी तपकिरी रंग बसतो. पडौकचा भडकपणा ज्या उजेडाने जातो, त्याच उजेडाने सागवान उजळतं. पावसापाण्यात उघडं ठेवलं तर तेही करडं पडेल, ही गोष्ट वेगळी.

ज्याला जांभळंच हवं त्याने सागवानावर समाधान का मानावं, हा आक्षेप रास्त आहे. पैसा त्याचा, आवड त्याची. पण निवड डोळसपणे व्हावी. मिस्त्रीने प्रत्येक जातीची एक फळी रंधून, पॉलिश करून, अर्धी काळ्या कागदाने झाकून उन्हाच्या खिडकीत ठेवावी आणि दोन-तीन महिन्यांनी कागद काढून दोन्ही अर्धे गिऱ्हाइकाला दाखवावेत. भाव ठरवायचा तो उघड्या अर्ध्याकडे बघून.