म्हैस, खेचर आणि वल्हे

सातपुड्यातून उतरणाऱ्या अनेर नदीच्या अभयारण्यातल्या पाण्यात वल्हे मारायला मुभा असावी की नसावी, हा वाद घालणाऱ्यांनी पक्ष्यांची पुस्तके तूर्त मिटून 1972 चा वन्यजीव कायदा उघडावा. जमिनीवरून, पाण्यातून किंवा हवेतून नेणारे कोणतेही साधन म्हणजे ‘वाहन’, असे त्याचे दुसरे कलम सांगते; आणि कुणी विसरेल म्हणून म्हैस, बैल, उंट, गाढव, हत्ती, घोडा, खेचर यांचीही वर्णी लावते. म्हणजे कयाक आणि खेचर एका पंगतीला! इथल्या शिरपूर तालुक्यातल्या म्हशीने डुंबायला उतरण्यापूर्वी आपण जनावर आहोत की जलवाहन, याचा खुलासा मागवून घ्यावा हे बरे. पुढे कलम 29 परवान्याविना अभयारण्यातला प्रवाह अडवायला मनाई करते. आणि 1986 साली जाहीर झालेल्या या जवळपास 83 चौरस किलोमीटरच्या अभयारण्याचे नाव काय, तर अनेर धरण अभयारण्य. धरणाची भिंत आधीची आहे, मान्य. पण आख्खी नदी अडवणाऱ्या भिंतीचे नाव मिरवायचे आणि हातभर वल्ह्याला बिचकायचे, ही सोवळ्याची तऱ्हा अजब आहे.

कायदा आडवा येतो म्हणावे, तर कलम 28 पर्यटनासाठी प्रवेश द्यायला मोकळीक देते. बामणोलीहून इंजिनाच्या लाँच शिवसागर जलाशय ओलांडून वासोटा किल्ल्याच्या पायथ्याला जातात. तेही अभयारण्यच, कोयनेचे. एक आक्षेप मात्र खरा आहे: बिनआवाजाची होडी पक्ष्यांच्या फार जवळ पोचते आणि थवाच्या थवा उठवते. म्हणून पाहुणे पक्षी उतरतात ते हिवाळ्याचे महिने बंदच ठेवावेत. पण बंदी तेवढ्यापुरतीच असावी. अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाने बेसुमार मासेमारीच्या धास्तीने 1950 मध्ये नद्यांवरच्या होड्या बंद केल्या, त्या बहुतेक ठिकाणी आजही बंद आहेत. मूळ कारण मागे पडले तरी बंदी पेन्शनीत निघत नाही, एवढा धडा त्यातून घ्यावा. दुसऱ्या टोकाला आपला ‘नौकाविहार’ आहेच. या शब्दात विहार कमी आणि डिझेलचा धूर, भोंगा, वेफर्सच्या पिशव्याच जास्त. तो आला की वल्ह्याची बाजूही बुडते. तेव्हा वनखात्याने कोणता पट्टा, कोणते महिने आणि दिवसाला किती होड्या, हे लेखी जाहीर करावे. आणि फलक लावालच, तर त्यावर कृपा करून ‘नौकाविहार’ लिहू नका. ‘फक्त वल्ह्याची होडी’ असे लिहा.